वचन आणि त्याचे निदान

वर्षावासाच्या काळात ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे विहारात सामुदायिक वाचन व्हावे, ही प्रथा आपल्या समाजात चांगली रुजली आहे. चिखली येथील अशाच एका वाचनप्रसंगी आम्ही उपस्थित होतो. त्या दिवशीचे प्रकरण संपले, धम्मपालन गाथा झाली आणि मंडळी उठण्याच्या बेतात असताना महाविद्यालयात शिकणाऱ्या एका तरुणाने खिशातून वृत्तपत्राचे एक कात्रण काढले. घटना जाळणारा पहिला माणूस आपण असू, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणाले होते, या आशयाचा ठळक मथळा त्यावर होता. खाली पाच-सहा ओळींचा मजकूर होता. बाबासाहेब हे कोठे म्हणाले, कोणत्या दिवशी, कोणत्या चर्चेत, यांपैकी त्यात काहीही नव्हते. तरुणाने विचारले, “हे खरे आहे काय?”

सभेतील एका ज्येष्ठ उपासकांनी तत्काळ उत्तर दिले, “बाबासाहेब असे बोलणेच शक्य नाही. हे विरोधकांचे कारस्थान आहे. असली कात्रणे विहारात आणत जाऊ नका, बाळ.” तरुण खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावर समाधान नव्हते, ओशाळलेपण होते. त्या क्षणी आम्हीही गप्प राहिलो, ही गोष्ट आम्हांला अद्याप बोचते. कारण कात्रण छापणाऱ्याने जी चूक केली होती, तिच्याच जोडीची चूक आमच्या त्या वयोवृद्ध धम्मबंधूंकडून झाली होती. आणि चूक दुरुस्त करण्याजोगी माहिती आमच्यापाशी असूनही आम्ही ती सांगितली नाही. प्रस्तुत लेख त्या मौनाची भरपाई म्हणून लिहीत आहोत.

बाबासाहेब ते वाक्य बोलले होते. दिनांक २ सप्टेंबर १९५३. स्थळ, संसदेचे वरिष्ठ सभागृह; त्या वेळी त्याला काउन्सिल ऑफ स्टेट्स म्हणत, राज्यसभा हे नाव १९५४ साली रूढ झाले. चर्चेचा विषय होता आंध्र राज्याचे विधेयक. पोट्टी श्रीरामुलु यांचा १५ डिसेंबर १९५२ रोजी उपोषणात अंत झाल्यानंतर तेलुगू भाषकांच्या स्वतंत्र राज्याचा निर्णय झाला होता आणि १ ऑक्टोबर १९५३ रोजी ते राज्य अस्तित्वात यावयाचे होते. भाषेच्या पायावर राज्य निर्माण झाले, की त्या राज्यात संख्येने प्रबळ असलेली जातच सत्ता बळकावून बसेल, मग लहान समाजांनी कोणाकडे पाहावे, हा बाबासाहेबांपुढील प्रश्न होता. अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी राज्यपालाच्या हाती काही विशेष अधिकार असावेत, असे ते मांडीत होते. त्यावर सभागृहातून, घटना तर तुम्हीच केली, मग तीत हे अधिकार का घातले नाहीत, अशा आशयाचे टोमणे येऊ लागले.

या टोमण्यांना उत्तर देताना ते वाक्य आले. त्याच्या अगोदर ते काय सांगत होते? बहुसंख्य लोक आपल्यावर अन्याय करतील अशी लहान समाजांना भीती वाटते आणि त्यांच्या भावनांना सांभाळून घेतल्यामुळेच ब्रिटिश पार्लमेंट नीट चालते, असे ते सांगत होते. वाक्याच्या पाठोपाठ काय आले? ‘पण’ आला. ते काहीही असो, आपल्या लोकांना ही घटना पुढे चालवावयाची असेल, तर देशात बहुसंख्य आहेत तसे अल्पसंख्यही आहेत हे त्यांनी विसरता कामा नये. अल्पसंख्याकांना मान्यता दिल्याने लोकशाहीचे नुकसान होते असे म्हणून त्यांना झटकून टाकता येणार नाही. उलट त्यांना इजा करण्यानेच सर्वांत मोठे नुकसान होईल, असा त्यापुढील युक्तिवादाचा आशय आहे. म्हणजे मागचे वाक्य अल्पसंख्याकांविषयी, पुढचे वाक्य अल्पसंख्याकांविषयी, आणि मधल्या वाक्यात संतापाचा स्फोट. वक्त्याने जेथे ‘पण’ म्हटले, तेथे मथळ्याने पूर्णविराम दिला.

गोष्ट एवढ्यावर संपली नाही. १९ मार्च १९५५ रोजी घटनेच्या चौथ्या दुरुस्ती विधेयकावर राज्यसभेत बाबासाहेब बोलत असताना डॉ. अनुप सिंग यांनी त्यांना त्या जुन्या वाक्याची आठवण करून दिली. बाबासाहेबांनी ते नाकारले नाही. मागच्या वेळी घाईत कारण सांगावयाचे राहून गेले, आता संधी मिळाली आहे तर सांगतो, असे म्हणून त्यांनी देवळाचा दृष्टान्त दिला. देवाने येऊन राहावे म्हणून आम्ही मंदिर बांधले. परंतु देवाची स्थापना होण्यापूर्वीच दैत्याने त्याचा ताबा घेतला, तर मंदिर पाडण्यावाचून दुसरे काय करणार, असा त्याचा भावार्थ. मंदिर कशाला पाडता, दैत्याला घालवा, असे एका सदस्याने मध्येच सुचविले. तेव्हा, तेवढे बळ आपल्याजवळ नाही, असे सांगून बाबासाहेबांनी शतपथ ब्राह्मणातील देवासुरांच्या झगड्याचा दाखला दिला, ज्यात देव वारंवार हरतात. या उत्तरात जी विषण्णता आहे, ती वाचकाने लक्षात घ्यावी. हे घटनेचा तिरस्कार करणाऱ्याचे बोलणे नव्हे. आपण उभारलेल्या वास्तूत कोण येऊन बसले, हे पाहणाऱ्या स्थपतीचे हे बोलणे आहे. हेच बाबासाहेब २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बजावून गेले होते की, घटना कितीही चांगली असली तरी ती राबविणारे लोक वाईट निघाल्यास ती वाईटच ठरेल. १९४९ चा इशारा, १९५३ चा संताप आणि १९५५ चा खुलासा ही एकाच विचाराची तीन स्थाने आहेत. त्यांतील मधले स्थान तेवढे उचलून मथळा केला जातो.

ही दोन्ही भाषणे गुप्त नाहीत. संसदेच्या कामकाजाच्या छापील वृत्तान्तात ती आहेत आणि महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या पंधराव्या खंडातही आहेत. ज्याला मथळा द्यावयाचा आहे, त्याला पाने उलटण्यास फार तर अर्धा तास लागला असता.

आता त्या ज्येष्ठ उपासकांच्या उत्तराकडे वळू. अंगुत्तर निकायाच्या दुकनिपातात तथागतांवर मिथ्या आरोप करणारे दोन प्रकारचे लोक सांगितले आहेत. तथागतांनी जे म्हटले नाही ते म्हटले असे सांगणारा, हा एक. आणि तथागतांनी जे म्हटले आहे ते म्हटलेच नाही असे सांगणारा, हा दुसरा. दुसऱ्याला पहिल्याहून कमी दोष दिलेला नाही. पहिला प्रकार शत्रूकडून घडतो असे आपण गृहीत धरतो. दुसरा प्रकार बहुधा भक्तीतून घडतो आणि म्हणूनच तो आपल्या नजरेस येत नाही. तो तरुण घरी जाऊन पंधरावा खंड उघडील, त्याला ते वाक्य तेथे सापडेल, आणि मग त्याचा विश्वास कात्रणावर बसेल, विहारावर नव्हे. आमच्या मते त्या सायंकाळी झालेले खरे नुकसान हे आहे.

सुत्तपिटकातील सुत्ते कशी सुरू होतात, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. ‘एवं मे सुतं’ म्हणजे ‘असे मी ऐकले आहे’, हे पहिले शब्द. म्हणजे सांगणारा प्रथमच कबूल करतो की, हे माझे नव्हे, मी ऐकलेले आहे. नंतर स्थळ येते; श्रावस्ती की राजगृह, जेतवन की वेळुवन. मग कोण आले, काय विचारले, ते येते. उपदेश त्यानंतर. या प्रास्ताविक भागास निदान म्हणतात. मराठीत या शब्दाला रोगपरीक्षेचा अर्थ चिकटला आहे, पण मूळ अर्थ कारण, उगम, प्रसंग असा आहे. चुल्लवग्गात पहिल्या संगीतीची जी हकिगत आहे, ती या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. महाकश्यप आनंदाला एकदम, ब्रह्मजाल सुत्तात काय सांगितले आहे, असे विचारीत नाहीत. ते प्रथम विचारतात, ते कोठे सांगितले गेले? आनंद सांगतो, राजगृह आणि नालंदा यांच्या दरम्यान अंबलट्ठिका येथील राजाच्या विश्रामगृहात. कोणाच्या निमित्ताने? सुप्पिय परिव्राजक आणि ब्रह्मदत्त माणवक यांच्या निमित्ताने. एवढे नोंदविल्यावर मग वचनाला संघाची मान्यता मिळते. आजच्या भाषेत बोलावयाचे तर महाकश्यप हे त्या संगीतीचे संपादक होते, आणि हे दोन प्रश्न विचारल्यावाचून त्यांनी एकही वचन दप्तरी घेतले नाही.

एवढी दक्षता का घ्यावी लागली? कारण भगवंतांच्या हयातीतच त्यांच्या बोलण्याचा विपर्यास होत होता. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाच्या चौथ्या खंडात या प्रश्नाची मुद्दाम चर्चा केली आहे आणि अशी पाच उदाहरणे निर्देशिली आहेत. अलगद्दूपम, महाकम्मविभंग, कण्णकत्थल, महातण्हासंखय आणि जीवक ही ती पाच सुत्ते होत. आपल्या वाचनमंडळांत हे पान पुष्कळदा लवकर उरकले जाते. तसे होऊ नये. ज्यांनी स्वतः १९२० साली ‘मूकनायक’, १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’, १९३० साली ‘जनता’ आणि १९५६ साली ‘प्रबुद्ध भारत’ काढले, त्या संपादकाने हे पान लिहिले आहे. ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नव्हती. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात रानडे, गांधी आणि जीना यांच्याविषयी त्यांनी केलेल्या भाषणावर वृत्तपत्रांनी काहूर उठविले, तेव्हा त्या भाषणाच्या छापील प्रतीला त्यांनी जोडलेली प्रस्तावना ज्यांनी वाचली असेल, त्यांस हे ठाऊक आहे की, पत्रकारिता हा एके काळी पेशा होता तो आता धंदा झाला आणि साबण बनविण्याच्या कारखान्याइतकीच नैतिक जबाबदारी त्याच्याकडे उरली, अशी त्यांची तक्रार होती.

त्या पाच सुत्तांपैकी मज्झिम निकायातील कण्णकत्थल सुत्त वृत्तपत्राच्या प्रत्येक कचेरीत वाचले जावे असे आम्हांस वाटते. कोसलचा राजा प्रसेनजित भगवंतांना विचारतो की, सर्वज्ञ आणि सर्वदर्शी असा कोणी श्रमण वा ब्राह्मण असूच शकत नाही, असे आपण म्हणता असे मी ऐकले. जे असे सांगतात ते आपले म्हणणे यथार्थ सांगतात काय? भगवंत म्हणतात, नाही. राजा तेथेच थांबत नाही. तो सेनापती विडूडभाला विचारतो, ही गोष्ट राजवाड्यात कोणी आणली? तो म्हणतो, संजय ब्राह्मणाने. संजयाला बोलावणे धाडले जाते. दरम्यान राजा आणखी मार्मिक प्रश्न करतो. आपण एका गोष्टीला उद्देशून काही बोलला असाल आणि लोकांनी ते दुसरीकडे लावले, असे तर झाले नसेल? तेव्हा भगवंत सांगतात, एकाच वेळी सर्व जाणणारा आणि सर्व पाहणारा असा कोणी नाही, असे मी म्हटल्याचे मला स्मरते. मूळ पालीत ‘सकिदेव’ हा एकच शब्द आहे. ‘एकाच वेळी’ असा त्याचा अर्थ. तो गळाला आणि एक वेगळाच सिद्धान्त राजवाड्यात पोहोचला. सुत्ताच्या शेवटी संजय येतो. राजा त्याला विचारतो, ही गोष्ट कोणी आणली? संजय म्हणतो, विडूडभाने. विडूडभ म्हणतो, संजयाने. इतक्यात, महाराज, निघण्याची वेळ झाली, असा निरोप येतो आणि राजा निघून जातो. बातमीचा उगम शेवटपर्यंत हाती लागत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या प्रसंगात ‘विश्वसनीय सूत्रां’चे इतके नेमके चित्र पाहून हसू आल्यावाचून राहत नाही.

तरीही राजाने एक गोष्ट बरोबर केली. जे ऐकले ते घेऊन तो ज्याच्या नावावर ते खपत होते त्याच्याकडे गेला. निव्वळ विश्वास ठेवला नाही, निव्वळ नाकारलेही नाही. महापरिनिब्बान सुत्तात भोगनगरी भगवंतांनी जे चार महापदेस सांगितले, त्यांचाही हाच मार्ग आहे. कोणी म्हणेल, मी हे प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून ऐकले, तरी त्याचे स्वागत करू नये आणि धिक्कारही करू नये. शब्द नीट समजून घेऊन सुत्ताशी आणि विनयाशी ताडून पाहावेत.

मथळा कसा तयार होतो, याविषयी आपल्या समाजात गैरसमज आहे. बातमी लिहिणारा बातमीदार बहुधा मथळा देत नाही. तो उपसंपादक देतो, रात्री पान सुटण्याच्या घाईत, दोन किंवा तीन स्तंभांच्या रुंदीत. मोठ्या अक्षरांत चार-पाच शब्द बसतात. म्हणून मथळ्याने सर्व काही सांगावे अशी अपेक्षा कोणी करीत नाही. पण काय गाळावयाचे, याची निवड मात्र तेथे होते, आणि आपल्या मराठीत ही निवड विशेष घातक ठरते. आपण अट आधी सांगतो, परिणाम नंतर. ‘जर’ वाक्याच्या पूर्वार्धात, ‘तर’ उत्तरार्धात आणि क्रियापद अगदी शेवटी. मथळ्याला जोर हवा असतो, तो शेवटच्या क्रियापदात असतो. त्यामुळे ‘जर’ गळतो आणि ‘तर’ उरतो. त्यावर विसर्गासारखे दोन टिंब देऊन पुढे वक्त्याचे नाव घातले, की ती व्यक्ती काल सायंकाळी गावात येऊन हे बोलून गेली असा भास होतो. सत्तर वर्षांपूर्वीचे वाक्य अशा रीतीने आजचे होते. भारतीय प्रेस परिषदेची जी आचारसंहिता आहे, तिच्यात मथळा प्रक्षोभक नसावा, खालील मजकुराने त्याचे समर्थन झाले पाहिजे, आणि मथळ्यात कोणाचा आरोप असेल तर तो कोणाचा हे दाखवावे, निदान अवतरणचिन्हे तरी घालावीत, असे स्पष्ट सांगितले आहे. परंतु परिषद ताकीद देऊ शकते, नापसंती व्यक्त करू शकते. दंड करू शकत नाही. म्हणून शेवटी भार येतो तो संपादकाच्या सदसद्विवेकावर, आणि त्याहूनही अधिक वाचकाच्या चिकित्सेवर.

विपर्यस्त उद्धरणाने केवळ मने दुखावतात असे नाही, माणसे रस्त्यावर येतात. १९८७ साली शासनाने ‘रिडल्स इन हिंदुइझम’ हा बाबासाहेबांचा ग्रंथ चौथ्या खंडात प्रसिद्ध केला. राम आणि कृष्ण यांच्याविषयीचे प्रकरण त्यात परिशिष्ट म्हणून छापले होते. मूळ हस्तलिखिते सुट्या पानांच्या रूपात मिळालेली, अंतिम प्रत हाती न लागलेली, असा तो मजकूर. खंड इंग्रजीत होता. त्यामुळे ज्या लक्षावधी मराठी माणसांत त्यावरून क्षोभ माजला, त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी तो पाहिला असणार. बाकीच्यांना तो समजला तो वृत्तपत्रांतून आणि सभांतून. बाबासाहेब त्या प्रकरणात वाल्मीकीच्या रामायणाचा आधार घेऊन प्रश्न उपस्थित करतात. वादात त्यांचे निष्कर्ष फिरत राहिले. ज्या आधारावर ते उभे होते ते मागे पडले. उद्धरण करणाऱ्याचे उद्धरण करावे आणि त्याने कोणाचे उद्धरण केले ते गाळावे, हा विपर्यासाचा सर्वांत सोपा प्रकार आहे. आपल्याच वऱ्हाडात अमरावतीला १९८८ च्या जानेवारीत त्या खंडाची प्रत जाळली गेली. ५ फेब्रुवारी १९८८ रोजी मुंबईत दलित जनतेचा प्रचंड मोर्चा निघाला. अखेर त्या प्रकरणातील मतांशी शासन सहमत असेलच असे नाही, अशा अर्थाची टीप खंडात घालून तडजोड झाली. त्या टिपेने कोणाला काय समजले, हा वेगळाच विषय आहे.

येथवर वाचकांस आमचे म्हणणे पटले असेल. यापुढचे कदाचित रुचणार नाही. दिनांक १७ डिसेंबर २०२४ रोजी राज्यसभेत घटनेच्या पंचाहत्तर वर्षांनिमित्त झालेल्या चर्चेला उत्तर देताना गृहमंत्री अमित शहा यांनी बाबासाहेबांचे नाव पुनःपुन्हा घेणे ही आता फॅशन झाली आहे, देवाचे नाव इतक्या वेळा घेतले असते तर सात जन्म स्वर्ग मिळाला असता, अशा आशयाचे उद्गार काढले. देशभर निषेध झाला. काही सेकंदांची ती चित्रफीत घरोघरी फिरली. दुसऱ्या दिवशी शहा यांनी आपल्या बोलण्याचा विपर्यास झाल्याचे म्हटले. आम्ही त्या भाषणाचा पुढचा भागही वाचला. त्यात ते बाबासाहेबांचे नाव घेतले जाते याचा आनंदच आहे असे म्हणतात आणि नेहरूंच्या मंत्रिमंडळातून बाबासाहेबांना राजीनामा का द्यावा लागला, याकडे वळतात. रोख काँग्रेसवर होता. हा भाग अनेकांनी दाखविला नाही आणि तो दाखवावयास हवा होता, असे आमचे स्पष्ट मत आहे. पूर्ण भाग वाचूनही आमचा आक्षेप उरतोच. ज्यांच्या कित्येक पिढ्यांना देवळाच्या पायरीवर उभे राहू दिले नाही, त्यांच्यापुढे बाबासाहेबांच्या नावाची देवाच्या नावाशी आणि स्वर्गाशी तुलना करणे, ती कोणावर रोखलेली असो, अनुचितच होते. परंतु हा आक्षेप पूर्ण भाषणावरचा आहे, तुकड्यावरचा नव्हे. १९५३ च्या वाक्याला आम्ही जो न्याय मागतो, तो आम्ही ज्यांचा निषेध करतो त्यांनाही देणे आम्हांस भाग आहे. अन्यथा वरील सारा लेख आम्ही मागे घेतला पाहिजे.

आणि आपल्या स्वतःच्या भिंतींचे काय? १९४२ च्या जुलैत नागपूरच्या परिषदेत बाबासाहेबांनी जो प्रसिद्ध संदेश दिला, त्यातील इंग्रजी शब्दांचा क्रम शिक्षण, चळवळ, संघटन असा आहे. आपल्या फलकांवर संघटन अगोदर येते, संघर्ष शेवटी. क्रम बदलल्याने अर्थ बदलतो की नाही, यावर मतभेद होऊ शकेल. आम्हांस वाटते, बदलतो. शिकलेल्या माणसाच्या मनात खळबळ व्हावी आणि त्या खळबळीतून संघटना उभी राहावी, असा एक अर्थ मूळ क्रमातून निघतो. तो फलकातून निघत नाही. तसेच कालाम सुत्ताचे. बुद्धीला पटेल तेच स्वीकारा, एवढेच त्यातून घेऊन आपण ते जयंतीच्या पत्रिकांवर छापतो. मूळ सुत्तात ज्या गोष्टींवर केवळ विसंबू नये अशी यादी आहे, तीत ग्रंथ, परंपरा आणि ऐकीव बोलणे यांच्या बरोबर निव्वळ तर्कही आहे. हे कर्म अकुशल, निंद्य, अहितकारक आहे असे स्वतः जाणाल तेव्हा ते सोडा, आणि कुशल, हितकारक आहे असे जाणाल तेव्हा त्याचे आचरण करा, असा तेथील उपदेश आहे. त्यात बुद्धीला स्थान आहेच. पण हितसुखाच्या कसोटीवाचून नाही. ही सोयीस्कर काटछाट आपण शत्रुत्वाने केली नाही. घाईने केली, प्रेमाने केली. उपसंपादकही बहुधा घाईनेच करतो.

अलगद्दूपम सुत्तातील अरिट्ठ भिक्खूलाही आपण भगवंतांचे म्हणणे बरोबर समजलो असेच वाटत होते. अंतरायकारक म्हणून सांगितलेल्या गोष्टी सेवन करणाऱ्याला अंतराय करीत नाहीत, असे तो भगवंतांच्या नावावर सांगत सुटला. सहकारी भिक्खूंनी परोपरीने विचारले तरी हटला नाही. त्या वेळी भगवंतांनी सर्प पकडणाऱ्याची उपमा दिली. विळख्याला किंवा शेपटीला धरले, की सर्प उलटून हातालाच डसतो. मथळ्यातले वाक्य हे बहुधा शेपटीला धरलेले असते.

पुढील पौर्णिमेस चिखलीच्या त्याच वाचनमंडळात आम्ही पंधरावा खंड घेऊन गेलो. दोन्ही भाषणांतील संबंधित भाग वाचून दाखविला, मराठीत समजावून सांगितला. तो तरुण पुढच्या रांगेत होता. ज्येष्ठ उपासकांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि इतकेच विचारले, “त्या आंध्रच्या विधेयकात शेवटी राज्यपालाला अधिकार मिळाले काय?” या प्रश्नावर अर्धा तास चर्चा चालली. कात्रणाचा विषय कोणी काढला नाही.

दि. २ सप्टेंबर १९५३ आणि दि. १९ मार्च १९५५ या दोन भाषणांतील संबंधित भागांचा मराठी अनुवाद, मागच्या-पुढच्या प्रश्नोत्तरांसह, पुढील अंकी देण्याचा आमचा मानस आहे. अनुवादात एखादा ‘पण’ गळाल्याचे ज्या वाचकांस आढळेल, त्यांनी पृष्ठ आणि ओळ देऊन आम्हांस कळवावे.